गरजेबाहेरची वस्तू

कागद उडू नयेत म्हणून पेपरवेट, हे त्याचे काम आता जवळजवळ संपले आहे. कागदच कमी झाले. उरले त्यांना चष्म्याचे घर नाहीतर चहाचा कपही पुरतो. तेव्हा जुन्या वस्तूंच्या दुकानात काचेचे पेपरवेट घ्यावे की नाही, हा प्रश्न उपयोगाचा राहिलेला नाही. वस्तू गरजेची नाही, हे घेणाऱ्यालाही ठाऊक असते आणि विकणाऱ्यालाही. मग ती घेण्याचा आपल्याला हक्क आहे का?

आमच्यापुढे हा प्रश्न मुंबईच्या चोर बाजारात, मटण स्ट्रीटवरच्या एका दुकानात उभा राहिला. घड्याळे, ग्रामोफोनचे कर्णे, सिनेमाची जुनी पोस्टरे यांच्यामध्ये तो काचेचा गोळा होता. वरून घुमट, आत रंगीत काचकांड्यांचे बारीक काप फुलांसारखे मांडलेले. वरची जाड काच भिंगाचे काम करते, त्यामुळे फुले आहेत त्याहून मोठी दिसतात. या पद्धतीला मिलेफिओरी म्हणतात, इटालियन भाषेत हजार फुले. 1845 ते 1860 या काळात फ्रान्समध्ये बाकरा, सँ-लुई आणि क्लिशी या कारखान्यांत अशी उत्तम पेपरवेटे झाली. हे तिथले नव्हते. दुकानदार चाचांनीच सांगितले, ‘पुराना है, लेकिन विलायती बोलके नहीं बेचूंगा.’ उलटे करून पाहिले तर बुडाच्या कडेला वर्षानुवर्षे टेबलावर घासल्याचे बारीक आडवेतिडवे ओरखडे होते. किंमत चार हजार रुपये.

काचेचे आकर्षण आपल्या परंपरेला परके नाही. सूरा नूरमध्ये दिवा काचेत आहे आणि ती काच ताऱ्यासारखी चमकते. सूरा नम्लमध्ये सबाची राणी काचेच्या फरशीला पाणी समजते. सूरा आराफच्या 31व्या आयतीत उधळपट्टीला मनाई आहे आणि लगेच 32व्या आयतीत, अल्लाहने बंद्यांसाठी निर्माण केलेली शोभा हराम कुणी ठरवली, असा सवाल आहे. इसराफचे नाव काढून प्रत्येक सुंदर वस्तूवर बोट ठेवणारे 31वर थांबतात. हौशी लोक 32पासून सुरुवात करतात. आम्हाला दोन्ही एकदम वाचायच्या होत्या, म्हणून आम्ही चार हजारांचा हिशोब करून पाहिला.

कोकणातले शाफई असोत की देशावरचे हनफी, दोघांच्या फिकहमध्ये व्यापाराच्या मालावर जकात आहे, वर्षाला अडीच टक्के. म्हणजे हा गोळा चाचांच्या दुकानात आहे तोवर, ते साहिबे-निसाब असतील तर, त्याच्यापोटी दरसाल शंभर रुपये गरिबाचे निघतात. आमच्याकडच्या चार हजारांवरही, ते वर्षभर शिल्लक राहिले तर, तेवढेच. सौदा झाला की पैसे चाचांकडे जातात, त्यांच्यावर शंभर चालू राहतात. गोळा आमच्या टेबलावर येतो आणि त्याच्यावर काहीच नाही, कारण स्वतःच्या वापरातल्या घरसामानावर जकात नाही. दुकानात जी वस्तू गरिबाचा हिस्सा देत होती, ती आमचा उंबरा ओलांडताच मुकी होते.

हा नियम चुकीचा आहे असे आम्ही म्हणत नाही. घर, कपडे, हत्यारे, स्वयंपाकाची भांडी यांची दरसाल मोजदाद करू लागलो तर जगणे अवघड होईल. शरियतीने घराचे दार बंद ठेवले, ही तिची मेहरबानी आहे. पण ती मेहरबानी गरजेच्या वस्तूंकडे पाहून केलेली, आणि तिच्या आडोशाला आमचा गोळाही जाऊन बसतो.

मात्र तोच गोळा हनफी फिकहमध्ये दुसऱ्या ठिकाणी मोजला जातो, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते. जकात देणाऱ्याच्या घरातली शोभेची वस्तू हिशोबात येत नाही. पण जकात घेणाऱ्याकडे मूळ गरजेबाहेरच्या, म्हणजे हाजते-असलियाबाहेरच्या, वस्तू साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीएवढ्या असतील तर तो जकातीचा हकदार राहत नाही. वस्तू एकच, पण देणाऱ्याकडे ती दिसत नाही आणि घेणाऱ्याकडे दिसते.

हे पुस्तकातले राहिले असते तर आम्ही एवढा काथ्याकूट केला नसता. काही वर्षांपूर्वी मराठवाड्यातल्या एका मोहल्ल्यात जकात वाटणाऱ्या मंडळींबरोबर आम्ही पाहणीला गेलो होतो. एका बेवा बाईंच्या खोलीत भिंतीला शोकेस होती आणि तिच्यात सोनेरी कडांचा चहाचा संच. नवरा सौदीला ड्रायव्हर होता, त्याने आणलेला. एकही कप वापरलेला दिसत नव्हता. पाहणी करणाऱ्या एकाने वहीत लिहिले, ‘शोकेसमध्ये काचसामान.’ बाईंना शिलाई मशीनसाठी मदत हवी होती. मिळाली, पण मागितली त्याच्या निम्मी.

तो संच साडेबावन्न तोळे चांदीच्या जवळपासही नव्हता. फिकहने त्यांना अडवले नव्हते. जुन्या फकिहांनी तर स्वतःचे घर, सवारी, नोकर आणि अभ्यासाची किताबे असलेल्या तंगीतल्या माणसालाही जकात देता येईल असे सांगितले आहे. अडवले होते आपल्या डोळ्यांनी. गरिबाच्या घरात सुंदर वस्तू दिसली की आपल्याला त्याची गरिबी खोटी वाटू लागते. जॉर्ज ऑर्वेलच्या 1949च्या कादंबरीत नायक जुन्या वस्तूंच्या दुकानातून आत प्रवाळ असलेले काचेचे पेपरवेट विकत घेतो, आणि त्या राजवटीत असली निरुपयोगी सुंदर वस्तू जवळ असणेच संशयाचे असते. तिथे पाळतीला हुकूमशाही लागते. आपल्याकडे एक वही पुरते.

म्हणून ‘याची गरज काय?’ हा प्रश्न आम्ही स्वतःला त्याच आवाजात विचारला, ज्या आवाजात तो त्या खोलीत विचारला गेला होता. गरज नव्हती. डोळ्याला सुख होते, एवढेच. त्या बाईंनाही कदाचित एवढेच होते, शिवाय माणसाची आठवण. तेवढ्यासाठी त्यांचा हक्क कमी होत नसेल तर आमचाही इसराफ ठरत नाही, असे आम्हाला वाटले. पण आम्ही द्यायचे ते दिले असेल तरच. गोळा घेतला. थोडी घासाघीसही केली, साडेतीन हजारांना ठरला. दर रमजानला त्याचे अडीच टक्के बाजूला काढायचे ठरवले आहे. नियमाने ते देणे लागत नाही, म्हणून त्याला जकात म्हणता येणार नाही, सदकाच.

शोकेसची नोंद अजून केली जाते. ती बंद करावी असे आम्ही त्या मंडळींपुढे मांडले आहे. एकाने विचारले, ‘मग गरजू ओळखायचा कसा?’ घरभाडे विचारा, मुलांची फी विचारा, औषधांची चिठ्ठी पाहा, किराणावाल्याकडे किती थकले आहे ते विचारा, असे आम्ही म्हटले. त्यावर बोलणे व्हायचे आहे.