अहाबाचा शेजार

ज्या देशांत समाजसत्तावादी राज्यपद्धति आहे किंवा होऊन गेली, तेथील पुष्कळ लोकांच्या मनांत अमेरिकेविषयीं अढी आहे, असें वर्तमानपत्रांतून वारंवार वाचण्यांत येतें. आमच्या मंडळ्यांतील कित्येकांस याचें नवल वाटतें. ज्या देशांतून आम्हांकडे सुवार्ता आली, ज्या देशाच्या लोकांनीं आमच्या खेड्यापाड्यांत शाळा व दवाखाने काढिले, त्या देशावर कोणी राग कां धरावा? कोणी म्हणतात, हा मत्सर होय. गरिबास श्रीमंताचें बरें पाहवत नाहीं. कोणी म्हणतात, ही निरीश्वरवादी पुढाऱ्यांची शिकवण होय. या दोन्ही उत्तरांत कांहीं सत्यांश आहे. परंतु तेवढ्यावर थांबणें म्हणजे शेजाऱ्याविषयीं ऐकीव साक्ष देणें होय. ख्रिस्ती मनुष्यानें रागाचा न्याय करण्यापूर्वीं त्याचें कारण विचारिलें पाहिजे. याकरितां आपण एकाच देशाचें उदाहरण घेऊं. तो देश क्यूबा.

क्यूबा हें बेट अमेरिकेच्या फ्लॉरिडा प्रांताच्या टोंकापासून सुमारें ९० मैलांवर आहे. तेथें सुमारें चारशें वर्षें स्पेनचें राज्य होतें. १८६८ पासून तेथील लोक स्वातंत्र्यासाठीं लढूं लागले. १८९८ सालीं अमेरिका त्या युद्धांत उतरली आणि थोड्याच महिन्यांत स्पेनचा मोड झाला. परंतु सांतियागो शहर हातीं आलें तेव्हां, ज्यांनीं इतकीं वर्षें रक्त सांडिलें त्या क्यूबन सैनिकांस शहरांत येऊं दिलें नाहीं. आणि पॅरिस येथें तह झाला तेव्हां त्यांचा एकहि प्रतिनिधि तेथें नव्हता. पुढें १९०१ सालीं अमेरिकेनें त्यांच्या राज्यघटनेंत एक कलम घालावयास लाविलें. आम्हांस जरूर वाटेल तेव्हां तुमच्या कारभारांत हात घालण्याचा आम्हांस अधिकार राहील, असा त्याचा आशय होता. तें कलम १९३४ पर्यंत राहिलें. घरास आग लागली असतां शेजारी धांवून आला, आणि आग विझल्यावर त्यानें घराची किल्ली आपल्याच कमरेस लाविली, तसें हें झालें.

१९०३ सालीं ग्वांतानामो येथील आखात व भोंवतालची जमीन अमेरिकेनें आपल्या आरमारासाठीं भाडेपट्ट्यानें घेतली. १९३४ सालीं असें ठरलें कीं, दोघांची संमति झाल्यावांचून, अथवा अमेरिकेनें आपण होऊन जागा सोडल्यावांचून, हा पट्टा संपावयाचा नाहीं. भाडें वर्षाचें ४,०८५ डॉलर. क्यूबाच्या नव्या सरकारनें १९५९ नंतर आलेले चेक वटविले नाहींत. आम्हांस भाडें नको, जमीन परत पाहिजे, असें त्याचें म्हणणें. आमच्या शेतकरी वाचकांनीं क्षणभर विचार करावा. एखाद्या बड्या शेजाऱ्यानें तुमच्या विहिरीजवळचा तुकडा आजोबांच्या वेळच्या कागदावर धरून ठेवावा, दर सालीं चार पैसे पाठवावे आणि वर म्हणावें कीं, मी फुकट कोठें खातों? अशा वेळीं तुमच्या मनांत काय येईल?

पहिल्या राजांच्या पुस्तकाच्या २१ व्या अध्यायांत नाबोथाच्या द्राक्षमळ्याची गोष्ट आहे. अहाब राजा आरंभीं चोर म्हणून आला नाहीं. त्यानें मळ्याचें मोल देऊं केलें. त्याहून चांगला मळा देऊं केला. व्यवहार पाहतां त्यांत वावगें कांहींच नव्हतें. परंतु गरिबानें नाहीं म्हटलें, आणि तो नकार राजास सहन झाला नाहीं. आमच्या मतें क्यूबासारख्या देशांच्या रागाचें मूळ हेंच आहे. शेजाऱ्याची श्रीमंती एक वेळ सोसवते. पण तुमचें हित कशांत आहे हें तुम्हांपेक्षां मला अधिक कळतें, असें तो बोलूं लागला म्हणजे तें सोसवत नाहीं.

आतां उसाची गोष्ट. क्यूबांतील साखरेचे मोठमोठे कारखाने व विस्तीर्ण जमिनी अमेरिकन कंपन्यांच्या हातीं गेल्या होत्या. तोडणीचा हंगाम थोड्या महिन्यांचा. उरलेल्या दिवसांस तेथील मजूर ‘मेलेला काळ’ म्हणत. ज्यांचे भाऊबंद दर वर्षीं दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन फडावर जातात, त्यांस या नांवाचा अर्थ सांगावयास नको. १९५२ सालीं बतिस्ता यानें लष्कराच्या बळावर सत्ता बळकाविली, आणि अमेरिकेनें १९५८ पर्यंत त्यास शस्त्रें पुरविलीं. १९५९ सालीं फिडेल कॅस्ट्रो यानें त्याचें राज्य उलथिलें. पुढल्या वर्षीं त्यानें अमेरिकन कंपन्या ताब्यांत घेतल्या; अमेरिकेनें त्यांची साखर घेणें बंद केलें. त्याच वर्षीं एप्रिल महिन्यांत अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यांतील लेस्टर मॅलरी नांवाच्या अधिकाऱ्यानें एक टिपण लिहिलें. बहुतेक लोक कॅस्ट्रोच्या बाजूस आहेत. तरी पैसा व माल तोडून भूक आणि निराशा उत्पन्न करावी, म्हणजे सरकार उलथेल, असें त्यांत सुचविलें होतें. १९६१ सालीं अमेरिकेनें शिकवून तयार केलेले सुमारें १,४०० निर्वासित क्यूबन शस्त्रें घेऊन किनाऱ्यावर उतरले व पराभव पावले. १९६२ च्या फेब्रुवारींत संपूर्ण व्यापारबंदी पुकारण्यांत आली. तिला साठांहून अधिक वर्षें लोटलीं. ती उठवावी असा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या महासभेनें १९९२ पासून पुनःपुन्हा मोठ्या बहुमतानें केला आहे. भुकेचें शस्त्र राज्यकर्त्याच्या ताटापर्यंत क्वचित् पोहोंचतें. गरिबाच्या चुलीपाशीं तें आधीं येतें.

आमच्या देशानेंहि याची थोडी चव घेतली आहे. १९६५ ते १९६७ या टंचाईच्या काळांत अमेरिकेचा गहूं आमच्याकडे येत असे. अध्यक्ष जॉन्सन यांनीं तो हात आंखडून, थोडा थोडा करून सोडिला. व्हिएतनामच्या युद्धाविषयीं आमच्या सरकारनें केलेली टीका हें त्याचें एक कारण होतें. त्या गव्हानें पुष्कळांचे प्राण वांचले, हें विसरणें कृतघ्नपणा होईल. परंतु ज्या हातांत भाकरी त्याच हातांत दोरीहि असली, म्हणजे घास सुखानें उतरत नाहीं.

येथवर वाचून कोणी म्हणेल, तर मग क्यूबाचें सर्व बरोबर काय? मुळींच नाहीं. नाबोथावर जुलूम झाला म्हणून नाबोथाच्या घरांत जें जें घडेल तें तें न्यायाचें ठरत नाहीं. १९६१ सालीं तेथील सरकारनें मंडळ्यांच्या शाळा आपल्या ताब्यांत घेतल्या. १९६५ ते १९६८ या वर्षांत पाळक, धर्मगुरु व साधे विश्वासणारे यांपैकीं कित्येकांस मजुरीच्या छावण्यांत धाडिलें. १९६९ सालीं नाताळची सुटी बंद केली. ती १९९७ पर्यंत परत मिळाली नाहीं. १९८० सालीं मारिएल बंदरांतून सव्वा लाख माणसें देश सोडून निघालीं, आणि गेलीं तीं अमेरिकेसच. २०२१ च्या जुलैंत अन्न, औषधें व मोकळीक मागत जे रस्त्यावर आले, त्यांपैकीं शेंकडोंस तुरुंग दाखविला. राज्यकर्त्यांस शेजाऱ्याचा अन्याय सोयीचा झाला. चूल थंड पडली कीं समुद्रापलीकडे बोट दाखवावें, म्हणजे आपला जाब कोणी विचारीत नाहीं. खऱ्या तक्रारीच्या आड खोटा कारभार असा लपतो. रागास न्यायाचें कारण असलें तरी त्यांत हें मोठें भय आहे.

दुसरें भय असें कीं, राग कृत्यावर असतो तोंवर त्यास सीमा असते; तोच संपूर्ण लोकांवर पसरला म्हणजे द्वेष होतो. क्यूबाचा स्वातंत्र्यवीर होसे मार्ती हा सुमारें पंधरा वर्षें न्यूयॉर्क शहरीं राहिला. तेथील ग्रंथकारांची त्यानें मनापासून वाखाणणी केली, आणि त्या राष्ट्राच्या वाढत्या बळाविषयीं आपल्या लोकांस सावधहि केलें. १८९५ सालीं तो रणांत पडला. दोन्ही गोष्टी एका अंतःकरणांत राहूं शकतात. अहाबाच्या राज्यांत ओबद्याहि होता. त्यानें शंभर संदेष्ट्यांस गुहांत लपवून अन्नपाणी पुरविलें. तसेच १९९२ सालीं अमेरिकेंतील ल्युशियस वॉकर नांवाचे बाप्तिस्त पाळक आपल्या सरकारची बंदी न जुमानतां मदतीचें सामान घेऊन क्यूबास निघाले. अशा माणसांस विसरून ‘अमेरिकन सर्व सारखे’ असें म्हणणारा खोटें बोलतो.

१८१३ सालीं गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट मुंबईस उतरले, तेव्हांपासूनचें अमेरिकन मंडळ्यांचें ऋण आमच्यावर आहे. तें आम्ही आनंदानें कबूल करितों. परंतु ऋण म्हणजे मुकेपणा नव्हे. एलीयानें अहाबास सत्य सांगितलें तें त्याच्या नाशासाठीं नव्हे. राजा नम्र झाला, तेव्हां त्यावरहि देवानें दया केली.

उपदेशक बंधूंनीं ही गोष्ट मंडळींत सांगतांना ती समुद्रापलीकडे ठेवून येऊं नये. आपणहि कोणाचे तरी बडे शेजारी आहों. जुनें घराणें नव्या विश्वासणाऱ्यांचें, दोन बैलांचा धनी सालगड्याचा, शिकलेला भाऊ अडाण्याचा. आपण त्यांस बियाणें देतों, औषध देतों, लेंकरांस शाळेंत घालतों. आणि मग पंचायतींत त्यानें आपल्याच मतास हात वर करावा अशी अपेक्षा धरितों. ज्यास आपण मदत केली त्यानें एखादे वेळीं नाहीं म्हटलें, तर आपला चेहरा कसा होतो, हें प्रत्येकानें देवासमोर तपासून पाहावें. नाबोथाचा नकार ऐकून अहाब घरीं गेला, पलंगावर तोंड फिरवून पडला व जेवला नाहीं. तोंवर त्यानें कोणाचें कांहीं घेतलें नव्हतें; पण पुढचें सर्व पाप तेथूनच निघालें.