कोरा कागद आणि पाणी

पारदर्शक जलरंगात पाण्यावरची चमक रंगवली जात नाही. चित्रकार तेवढा कागद कोरा सोडतो. आयर्लंडमधील गॉल्वे परगण्यातल्या कूल पार्कच्या तळ्याचे असे एखादे चित्र पाहताना दृष्टी प्रथम त्या कोरेपणावरच स्थिरावते. ही नाटककार लेडी ग्रेगरी यांची जहागीर. येट्सच्या १९१७ च्या संग्रहाने येथील हंस इंग्रजी कवितेत अजरामर केले. वाडा १९४१ साली पाडला गेला. तळे मात्र आहे. चुनखडीच्या भेगांतून येणाऱ्या भूजलाबरोबर ऋतूगणिक चढते आणि उतरते.

परंतु या चित्रात कोरे राहते ते पाणीच केवळ काय? ही जहागीर १७६८ साली विकत घेणारे रॉबर्ट ग्रेगरी ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत श्रीमंत होऊन मायदेशी परतले होते. त्यांचे पणतू विल्यम, म्हणजे लेडी ग्रेगरींचे पती, यांनी १८४७ च्या भीषण दुष्काळात पार्लमेंटकडून एक कलम संमत करून घेतले: पाव एकराहून अधिक जमीन कसणाऱ्या कुळाने ती सोडल्यावाचून त्याला सरकारी मदत मिळू नये. कित्येक कुळांना घरदार सोडावे लागले.

चित्रकाराने काठावर उपाशी कुळे उभी करावीत, ही मागणी अरसिकपणाची होईल. गाळल्यावाचून चित्र होत नाही, आणि गाळण्याचा अधिकार कलावंताचाच. पाहणाऱ्याला मात्र तो वारशाने मिळत नाही. जबलपूरच्या रसिकाने तर तो मुळीच घेऊ नये, कारण त्या तळ्याच्या किमतीत हिंदुस्थानचा पैसा आहे.

जबलपूरच्या तलावांची कथा निराळी आहे. रानीताल राणी दुर्गावतीचा, आधारताल तिचे दिवाण आधारसिंह यांचा आणि चेरीताल तिच्या दासीचा, असे परंपरा सांगते. ‘चेरी’ म्हणजे दासीच. तरीही राणीच्या शेजारी तिची आठवण नांदते. कूलच्या कुळांच्या वाट्याला एवढेही आले नाही. पण चेरीताल आज वस्तीचे नाव आहे, आणि रानीतालच्या जागेवर क्रीडांगण उभे आहे. या शहराने नावे जपली आणि पाणी घालवले, हे काही भूषण नव्हे. उद्या कोणी रानीतालच्या जुन्या पाण्याचे चित्र काढायला बसला, तर कागद नेमका कोठे कोरा सोडायचा, हे त्याला आसपासच्या म्हाताऱ्यांना विचारून घ्यावे लागेल.