खिशातलं पेन आणि बंद लखोटा

मी सूतगिरणीत रिंग फ्रेमवर काम करतो. माझ्या शर्टाच्या खिशाला फाउंटन पेन असतं. या दोन वाक्यांचा मेळ काही लोकांना लागत नाही. मला लागतो. तो कसा लागला, एवढंच सांगायचं आहे.

पेन घेतलं तो दिवस आठवतो. पाळी सुटल्यावर सरळ सीताबर्डीत गेलो. एका दुकानात काचेच्या कपाटातलं काळं पेन दाखवा म्हटलं. दुकानदारानं आधी माझ्या चपला पाहिल्या, मग केसांतला कापूस पाहिला. म्हणाला, "ते महाग आहे. बॉलपेनं त्या बाजूला." मी पैसे काउंटरवर ठेवले. पंधरा दिवसांच्या ओव्हरटाईमचे पैसे. पेन घेतलं, निळ्या शाईची दौत घेतली, जाड पांढऱ्या कागदाचं पॅड घेतलं आणि पंचवीस पाकिटं घेतली.

येताना चहाच्या टपरीवर युनियनमधला दोस्त भेटला. त्यानं पेन हातात घेऊन फिरवून पाहिलं. म्हणाला, "काऊन बे, कलेक्टर झाला का तू? एवढ्यात घरचा महिन्याचा तांदूळ आला असता."

दुकानदाराला उत्तर देणं सोपं होतं. त्याला पैसे दाखवले की झालं. पण दोस्ताला उत्तर देता आलं नाही. तो शत्रू नाही. त्याच्या घरचा तांदूळ अन् माझ्या घरचा तांदूळ एकाच दुकानातून येतो. त्याच्या बोलण्यात एक खरा प्रश्न होता. ज्याच्या घरात तांदळाचा हिशोब चालतो, त्यानं सुंदर वस्तूचा आनंद घ्यावा की नाही? की आनंद हा पोट भरल्यावरचा विषय आहे आणि आपली पाळी अजून यायची आहे?

या देशात साधेपणाचं फार कौतुक आहे. गांधीजी आलेल्या पाकिटांच्या कोऱ्या पाठीवर लिहायचे, काटकसर करायचे. त्यात त्यांचं मोठेपण असेल. पण दोस्तहो, सोडायला आधी हातात काहीतरी असावं लागतं. बॅरिस्टरानं कोट उतरवला तर त्याला त्याग म्हणतात. ज्याच्या अंगावर कधी कोटच नव्हता, त्याच्या उघड्या अंगाला कोण त्याग म्हणणार? आपल्या बापजाद्यांनी उष्टं खाल्लं, उतरलेलं नेसलं, फुटक्या मडक्यात शिजवलं. तो साधेपणा नव्हता. ती सक्ती होती. सक्तीला साधेपणाचं नाव देणं ही दुसरी सक्ती.

बाबासाहेबांनी हे ओळखलं होतं. त्यांनी सूट घातला. पुस्तकांसाठी राजगृह बांधलं. फाउंटन पेनांचा त्यांना शौक होता, हे त्यांच्या जवळच्या माणसांनी सांगून ठेवलं आहे. आपल्या नागपूरजवळ चिचोलीला वामनराव गोडबोल्यांनी शांतिवन उभं केलं, तिथं त्यांच्या वापरातल्या वस्तू जपल्या आहेत. टाइपरायटर आहे, कपडे आहेत. मी गेलो होतो तेव्हा त्या कोटापुढं बराच वेळ उभा राहिलो. मनात एकच आलं. या माणसानं सगळं आयुष्य आपल्यासाठी घातलं, पण चांगल्या वस्तूची त्याला कधी लाज वाटली नाही. चांगलं कापड, चांगलं पुस्तक, चांगलं पेन यांवर माणसाचा हक्क आहे, हे त्यानं अंगावर घालून दाखवलं.

पण इथंच थांबलो तर मी अर्धंच खरं बोललो असं होईल. वस्तीवस्तीत बाबासाहेबांचा पुतळा आहे आणि पुतळ्याच्या खिशाला पेन आहे. ते पाहून आपणही खिशाला पेन लावतो. लग्नात लावतो, मोर्च्यात लावतो. कित्येकांच्या पेनात शाई नसते. मी स्वतः आठवडाभर नवं पेन नुसतं मिरवलं. टोपण उघडलं नाही. तेव्हा दोस्ताचं बोलणं पुन्हा टोचलं. मिरवण्यापुरतंच पेन असेल तर त्यापेक्षा तांदूळ बरा. दुकानदाराला दाखवण्यासाठी घेतलेली वस्तू म्हणजे मरेपर्यंत त्या दुकानदाराच्याच डोळ्यांनी जगणं.

मग पेनाचा खरा आनंद कशात? याचं उत्तर मला पुस्तकात मिळालं नाही. माझ्या आजीकडं मिळालं.

माझा आजा एम्प्रेस मिलमध्ये होता. जमशेटजी टाटांनी १८७७ साली सुरू केलेली ती गिरणी. पुढं ती सरकारी महामंडळाकडं गेली आणि २००२ साली बंद झाली. आता त्या जागेवर मॉल उभा आहे. आजा साठच्या सुमारास उमरेडकडच्या गावातून आला, तेव्हा आजी गावीच राहिली. आज्याला अक्षर येत नव्हतं, आजीलाही नव्हतं. महिन्याला एक कार्ड जायचं. इकडं पोस्टाच्या पायरीवर बसणारा माणूस पैसे घेऊन लिहायचा, तिकडं शाळेचे गुरुजी वाचून दाखवायचे. मी आजीला विचारलं, "आजा काय लिहीत होता?" आजी म्हणाली, "तो मानूस लिवे अन् गुरुजी वाचे. मंदात दोन परके. माह्या नवऱ्याचं माह्यापाशी काय पोचे? खुशाल हाय, एवढंच पोचे."

हे ऐकलं आणि मी गप्प झालो. सहा वर्षं त्या दोघांनी एकमेकांना फक्त 'खुशाल' पाठवलं. आज्याला मशीनवर बोट तुटल्याचं सांगता आलं नाही. आजीला पहिली पोरगी गेल्याचं दुःख सांगता आलं नाही. ते दुःख गुरुजींच्या तोंडून चार लोकांत वाचलं गेलं. आपल्याकडून जमीन घेतली, पाणी घेतलं, अक्षर घेतलं, हे आपण सभेत नेहमी म्हणतो. अक्षरासोबत आणखी एक गोष्ट गेली, ती आपण म्हणत नाही. नवरा-बायकोतलं खाजगी बोलणं गेलं. दोन माणसांच्या मधली ती बंद खोली, जिच्यात तिसरा नसतो, तीच गेली.

पोस्टकार्ड या देशात १८७९ साली आलं. गरिबाला परवडलं, चांगलं झालं. पण कार्ड उघडं असतं. ते पोस्टमन वाचतो, शेजारी वाचतो. लखोट्याला जास्त पैसे पडतात. हे जास्तीचे पैसे कागदाचे नाहीत, आडोशाचे आहेत. आपलं बोलणं झाकायची ही किंमत आपल्या आज्यांना परवडली नाही. तेव्हा मी घेतलेली पंचवीस पाकिटं चैन आहे की नाही, हे तुम्हीच ठरवा.

आपल्या चळवळीत जाहीर लिहिणारे खूप झाले. याच नागपुरात किसन फागू बनसोड्यांनी पत्रं चालवली, त्यात एकाचं नाव 'मजूर पत्रिका'. १९२० साली बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला. आपला हा अंकसुद्धा सायक्लोस्टाईलवर निघतो, म्हणजे एक मजकूर शंभर जणांना. हे पाहिजेच. पण पत्र याच्या उलट असतं. ते एकानं एकालाच लिहायचं असतं. सावित्रीबाईंनी १८५६ साली माहेरून जोतिबांना पत्र लिहिलं, त्यात भावाशी झालेला वाद सांगितला. १८६८ च्या पत्रात एका ब्राह्मण मुलाला आणि त्याच्यापासून दिवस गेलेल्या अस्पृश्य मुलीला गावकऱ्यांच्या तावडीतून कसं सोडवलं, ते लिहिलं. बायको नवऱ्याला घरची हकीगत सांगते, तशी ती सांगते. तिच्या हातात अक्षर होतं, म्हणून मधे पायरीवरचा माणूस नाही. आज आपल्याला ती थेट ऐकू येते.

आता पेनाबद्दल बोलतो. तेवढा शौक मला करू द्या.

फाउंटन पेनाच्या निबाला मधे एक चीर असते. त्या बारीक चिरेतून शाई आपोआप टोकाकडं ओढली जाते, दिव्याच्या वातीत तेल चढतं तशी. पण शाई बाहेर आली तर तिच्या जागी हवा आत जायला पाहिजे. नाहीतर पेन कोरडं पडतं, किंवा भसकन डाग टाकतं. १८८४ साली अमेरिकेत लुई वॉटरमननं शाईची अन् हवेची वाट नीट बसवून पेटंट घेतलं, तेव्हापासून हे पेन भरवशाचं झालं. मला ही रचना आवडते. नुसतं बाहेर काढत राहून चालत नाही, आत काहीतरी यावंही लागतं. माणसाचंही तसंच असावं.

दुसरी गोष्ट, या पेनावर जोर चालत नाही. बॉलपेन दाबावं लागतं. यात नुसतं टोक टेकवलं की शाई उतरते. दाबलं तर निब फाकतं. आठ तास माझा हात ओढतो, ढकलतो, तुटलेलं सूत जोडतो. हाताला जोराचीच सवय. पहिले काही दिवस मी कागद फाडले. मग हात हलका झाला. माझा हात हलकाही होऊ शकतो, हे मला सव्विसाव्या वर्षी कळलं. हा आनंद कोणत्या हिशोबात मांडू?

गंमत म्हणजे गिरणी इथंही पाठ सोडत नाही. कपड्यावरचा कापसाचा तंतू निबाच्या चिरेत अडकतो आणि अक्षराला मिशा फुटतात. मग पाण्यात निब धुवायचं, तंतू ओढून काढायचा, पुन्हा सुरू करायचं. आणि ज्या कागदावर शाई फुटत नाही, तो उत्तम हातकागद कशाचा असतो? कापसाच्या चिंध्यांचा. पुण्यात हातकागदाची संस्था १९४० पासून आहे, तिथं चिंध्यांचा लगदा करून कागद बनतो. म्हणजे शेतात कापूस आपण वेचायचा, गिरणीत सूत आपण काढायचं, फाटलेल्या चिंध्या आपणच गोळा करायच्या, आणि त्याचा कागद झाला की तो आपल्यासाठी महाग. मी तो कागद हातात घेतो तेव्हा परक्याची वस्तू घेतल्यासारखं वाटत नाही. आपलीच वस्तू लांबचा फेरा मारून घरी आली, असं वाटतं.

कोणी म्हणेल, आता मोबाइल असताना हातानं कशाला? याला एकच दाखला देतो. संविधान तयार झालं तेव्हा देशात छापखाने होते, टाइपरायटर होते. तरी त्याची मूळ इंग्रजी प्रत प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी टाक-शाईनं हातानं लिहिली. २४ जानेवारी १९५० ला सभासदांनी हस्तलिखित प्रतींवर सह्या केल्या. ज्या शब्दांचं मोल मोठं, त्यांना माणसाचा हात लागावा, असं त्या वेळी वाटलं. माझ्या घरच्या शब्दांचं मोल मला तेवढंच वाटतं.

शेवटी मी टोपण उघडलं, ते ताईसाठी. ताई चंद्रपूरला नर्स आहे. आईच्या आजारपणात पैशावरून आमचं वाजलं. फोनवर मी नको ते बोललो. वर्षभर अबोला होता. मोबाइलवर कितीदा 'सॉरी' टाइप केलं अन् पुसलं. मग एका रविवारी जाड कागद घेतला. वर 'जय भीम' लिहिलं. एकेकाळी आपल्या माणसाला मान वाकवून 'जोहार' म्हणावं लागे. कामठीच्या बाबू हरदासांनी 'जय भीम' रुजवलं आणि नमस्कारातून मान वर झाली. त्याखाली 'प्रिय ताई' लिहिलं. चार पानं लिहिली. चूक माझी होती, हे तिसऱ्या पानावर आलं. त्याआधी आलंच नसतं, कारण तोवर हात हलका झाला नव्हता. पाकीट बंद केलं, आणि आजी आठवली.

पंधरा दिवसांनी ताईचं उत्तर आलं. पोराच्या वहीतून फाडलेला कागद, बॉलपेनचं अक्षर, मागल्या बाजूला भागाकार. लिहिलं होतं, "घरी ये. आईले घेऊन ये. बाकी समोर बोलू." तो कागद मी माझ्या पॅडमध्ये ठेवला आहे. त्या सगळ्या पॅडमध्ये तेवढा भारी कागद दुसरा नाही.

मग दोस्त म्हणेल, बघ लेका, वहीच्या कागदावरही भागतं! भागतं. मी कुठं नाही म्हणतो? कागद भारी म्हणून माणूस भारी होत नाही. ताईनं हाताशी होता तो कागद घेतला, कारण तिला घाई होती, माया होती. पण तिचं ती लिहू शकली. तिचं पत्र मधे कोणी वाचलं नाही. एवढं झालं की मग कागद कोणता घ्यायचा ते ज्यानं त्यानं ठरवावं. आपल्यासाठी ते दुसऱ्यानं ठरवू नये, दुकानदारानं नाही आणि दोस्तानंही नाही.

त्या दोस्ताला मी परवा पाच पाकिटं दिली. त्याचा बाप गावी आहे, दोघांचं पटत नाही. हसला, म्हणाला, "मले कोनाले लिवाचं हाय बे?" पण पाकिटं परत केली नाहीत. घडी न मोडता शर्टाच्या आत ठेवली.

तुमच्यापाशीही तोंडावर न सांगता आलेलं काही असेल. पेन घ्या, कोणतंही. लिहा. शाई सांडली तर सांडू द्या. फक्त पाकीट बंद करायला विसरू नका.