काढलेले पान

मे महिन्याच्या सुट्टीत भाचा मुंबईहून मालवणला आला, तो पत्त्यांचा एक गठ्ठा घेऊन. ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा खेळ रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञाने १९९३ साली काढला. यात पाने वाटून येत नाहीत; हजारो पानांतून निवडून ज्याने त्याने निदान साठ पानांचा आपला संच बांधायचा. भाच्याच्या संचात दोन पाने अशी होती, की एकेकटी कवडीमोल. परंतु जोडीने हाती आली, की डाव तिथेच संपे. बाकीची पाने या दोघांची गाठ घालून देण्यापुरती. ती गाठ वेळेवर पडेना, म्हणून स्वारी ओटीवर बसून संच नव्याने जुळवीत होती.

“साठाहून अधिक घे की!” मी म्हणालो.

“मामा, गर्दी वाढली की हवे ते पान येतच नाही. एकच प्रत घेतली, तर पहिल्या सात पानांत ती शंभरांत बारा वेळा येते; चार घेतल्या तर निदान एक तरी चाळीस वेळा.”

हिशेब चोख होता. एक घ्यायचे तर एक काढायचे. त्याने एक देखणे पान बाजूला केले, आणि मला माझा वर्ग आठवला.

गेल्या वर्षी प्रश्नमंजूषेसाठी मी तीन मुले निवडली होती. त्यांतला एक उत्तराला मंद. परंतु इतरांची चूक हलकेच सुधारी. चार दिवस आधी मी त्याला काढून एक चलाख मुलगा घेतला. ढाल मिळाली. एस्टी स्टँडवर टाळ्या वाजवायला तोही आला होता. त्यानंतर वर्गात त्याने हात वर केलेला मला आठवत नाही.

निवड करणे हे पाप आहे काय? मला तसे वाटत नाही. तीन जागांवर चार मुले बसत नाहीत. मग माझे मन का खाते?

आमच्या सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफात १२० गोल पाने असतात. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा. पाच रंगांत एक्का सर्वांत हलका. उरलेल्या पाचांत तोच प्रधानाच्या खालोखाल थोर. एक्का तोच; रंग बदलला, की मोल बदलले. मी मात्र त्या मुलाला एकाच रंगात पाहिले आणि तेच त्याचे मोल ठरविले.

भाच्याने काढलेले पान पुसून डब्यात ठेवले. मी विचारले, “आता याचे काय काम?”

“टाकून कसे देऊ? उद्या याला जुळणारे एखादे पान निघेल. तेव्हा हेच डाव जिंकून देईल.”

पोराने सहज म्हटले; मला मात्र माझी चूक सापडली. मी त्या मुलाला काढले, ही चूक नव्हे. काढल्यावर त्याचा जोडीदार कोण, त्याचे काम कोणते, हे मी एकदाही शोधले नाही. पान डब्यात थांबते. मूल थांबत नाही. ते तेवढ्यात आपण निरुपयोगी आहोत असे मानू लागते.

जूनमध्ये शाळा उघडली, तेव्हा मी त्याला हाक मारली. तो आला, परंतु दारातच उभा राहिला.