सवय आणि सन्मान

दुसऱ्याच्या हितासाठी त्याची सवय बदलण्याचा अधिकार आपणांस कितपत आहे? समाजकार्यात पडलेल्या प्रत्येकाला हा प्रश्न आज ना उद्या भेटतोच. परिसर स्वच्छ असावा, दारू सुटावी, पाणी जपून वापरावे, याविषयी दुमत नाही. मतभेद आहे तो मार्गाविषयी.

हागणदारीमुक्तीच्या मोहिमेत महाराष्ट्रातील खेड्यांतून पहाटे ‘गुड मॉर्निंग पथके’ फिरत. उघड्यावर शौचास निघालेल्यांना ती कधी गुलाबाचे फूल देऊन लाजवीत, तर कधी दंड करीत. घरी शौचालय असूनही बाहेर जाणाऱ्याला ही लाज उपकारक ठरली असेल. परंतु ज्याच्यापाशी जागा नाही, पाणी नाही, त्याला लाजविणे म्हणजे गरिबीचाच दंड वसूल करणे होय. राळेगणसिद्धीत दारू सोडविण्यासाठी मद्यपींना खांबाला बांधून मारण्यात आले. गाव सुधारले, हे खरे. तथापि माराच्या भयाने सुटलेली दारू त्या माणसाने स्वतः सोडली असे म्हणावे काय, ही शंका आमच्या मनातून जात नाही.

संत गाडगेबाबांचा (१८७६–१९५६) मार्ग वेगळा होता. गावात शिरताच ते खराट्याने रस्ते झाडू लागत आणि रात्री त्याच गावात कीर्तन करीत. श्रोत्यांना प्रश्न विचारून उत्तर त्यांच्याच तोंडून वदवून घेत. त्यांचे बोल कठोर असत. पण ज्याने दिवसभर आपली घाण उचलली, त्याच्या कठोर शब्दाने माणूस दुखावत नाही, अंतर्मुख होतो.

नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील दुष्काळी हिवरे बाजारने पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली १९९०च्या दशकात कुऱ्हाडबंदी, चराईबंदी व नशाबंदी स्वीकारली. शेतीसाठी कूपनलिका घेण्यास मनाई झाली. पावसाचे मोजमाप करून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडला जाऊ लागला: आधी माणसांचे व गुरांचे पिण्याचे पाणी, मग पिके. उसासारख्या तहानलेल्या पिकाला गावाने नकार दिला. येथेही बंदीच आहे. मात्र ज्यांना ती पाळावयाची त्यांनीच ती घातली.

तरीही ग्रामसभेचा निर्णय म्हणून तो आपोआप न्याय्य ठरत नाही. चराईबंदीची पहिली झळ शेळ्यांवर पोट भरणाऱ्या भूमिहीनाला लागते. म्हणूनच हिवरे बाजारात गवत कापून नेण्याची मुभा ठेवली गेली, हे आम्हांस बंदीइतकेच महत्त्वाचे वाटते.

यातून आम्ही तीन कसोट्या काढतो. सांगणाऱ्याने नियमाचा भार प्रथम स्वतः उचलावा. नियम लहानथोर सर्वांना सारखा असावा. आणि ज्याला तो पाळणे सर्वांत कठीण, त्याची सोय आधी व्हावी.

आपल्या लग्नसमारंभांचेच पाहा. थर्माकोलच्या ताटल्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. परंतु बंदीने पानात टाकलेले अन्न वाचत नाही. धर्मग्रामातील सुखवस्तू घराने आपल्या दारची पंगत साधी ठेवली, तर कर्ज काढून थाट करणाऱ्या शेजाऱ्याला साधेपणाची लाज उरणार नाही. चांगली सवय पसरावयाची ती अशी, कोणाचीही मान खाली न घालता.