तो, ती, ते

मामांना झटका आला त्याला आता पाच महिने झाले. मेंदूच्या डाव्या बाजूची रक्तवाहिनी तुंबली, उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. हात दीड महिन्यात बराच वळायला लागला. शब्द मात्र अडून बसले. तेही कुणाचे, तर आयुष्यभर सदाशिव पेठेत मुद्रितशोधन केलेल्या माणसाचे. दुसऱ्यांचे कच्चे खर्डे लाल शाईने रंगवणं हा त्यांचा धंदाच होता, आणि घरी कुणी चुकीचं बोललं तर ताटावरूनही दुरुस्ती व्हायची.

पहिले तीन आठवडे त्यांच्या तोंडी एकच शब्द होता, ‘बाकी’. पाणी हवं तरी बाकी, खिडकी लावा तरी बाकी. हेल मात्र दर वेळी वेगळा. पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात असाच एक रुग्ण एकवीस वर्षं राहिला होता. त्याचं नाव लबोर्न्य. पण सगळे त्याला ‘तां’ म्हणत, कारण त्याला तेवढंच म्हणता येई. १८६१ साली तो गेल्यावर पॉल ब्रोका यांनी त्याचा मेंदू तपासला. डाव्या बाजूला, पुढच्या भागात बिघाड सापडला, आणि बोलण्याचा मुक्काम कुठे असतो याचा पहिला ठोस पत्ता वैद्यकाला लागला. हाच तां चिडला की शिवी मात्र स्वच्छ हासडायचा.

मामांनी शिवी नाही दिली, रामरक्षा म्हटली. चौथ्या आठवड्यात, संध्याकाळी, मामीच्या मागोमाग, जवळजवळ अखंड. घरात आनंदीआनंद. मामीने साखर वाटली. अर्ध्या तासाने त्यांना तहान लागली आणि पुन्हा ‘बाकी’. मामी तेव्हा पहिल्यांदा रडली. वाचोपचार करणाऱ्या बाईंनी दुसऱ्या दिवशी समजावलं: पाठ केलेलं स्तोत्र, पाढे, वार, आरत्या, शिव्या ही एकदा चावी दिली की आपोआप चालणारी यंत्रं. ‘मला पाणी हवंय’ हे वाक्य दर वेळी नव्याने जुळवावं लागतं. पहिलं टिकतं आणि दुसरं जातं, ही वाचाघाताची नेहमीची तऱ्हा. म्हणून स्तोत्र निरुपयोगी मात्र नव्हे. १९७३ साली बोस्टनच्या मंडळींनी सुरात बोलवून घेण्याची एक पद्धत मांडली. साधं वाक्य दोन सुरांत गुणगुणायचं, डाव्या हाताने ठेका धरायचा, मग हळूहळू सूर काढून घ्यायचा. आमच्याकडे ‘चहा दे’ ही दोन अक्षरी-एक अक्षरी बंदिश महिनाभर चालली.

मेंदूत त्या वेळी काय चालतं, ते पुणेकराला फार समजावून सांगावं लागू नये. अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रस्ता बंद असतो. आपण बोळाबोळांतून, कुणाच्या वाड्याच्या मागच्या दारातून, दुप्पट वेळ घेऊन का होईना, मंडईत पोचतोच. मेलेला भाग मेलेलाच असतो, पण त्याच्या कडेचा सुजलेला, गांगरलेला भाग काही आठवड्यांत सावरतो, आणि इतर वाटा कामाला लागतात. २००६ साली जर्मनीत चौदा रुग्णांचे मेंदू झटक्यानंतर तीनदा पाहिले गेले. पहिल्या दिवसांत भाषेच्या जागी जेमतेम हालचाल. दोनेक आठवड्यांनी गजबज, तीही उजव्या बाजूला जास्त. एरवी भाषेत दुय्यम असलेली ही बाजू मदतीला धावलेली. वर्षभराने, बऱ्यापैकी सावरलेल्यांत, वर्दळ पुन्हा डावीकडे सरकलेली. विसर्जन आटोपल्यावर रस्ता खुला व्हावा तशी. सगळ्यांचा रस्ता खुला होत नाही. बिघाड मोठा असेल तर बोळच उरतात. सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत जास्त असतो, पण त्यानंतर दार बंद होतं असं नाही. वर्षांनंतरही शब्द येतात, सवडीने.

मला गुंतवून टाकलं ते वेगळ्याच गोष्टीने. एकदा मामा कपाटाकडे बोट करून ‘ती... ती...’ म्हणत होते. मी म्हटलं, ‘चष्मा?’ मान जोरात नकारार्थी. ‘ती!’ किल्ली हवी होती. पुढच्या रविवारी ‘तो’ म्हणाले, तेव्हा खरोखरच चष्मा होता. ‘ते’ म्हणाले तेव्हा घड्याळ. शब्द हाती लागत नव्हता, लिंग मात्र पक्कं! १९९५ साली इटलीतल्या एका रुग्णाबद्दल नेमकं हेच नोंदवलं गेलं. त्याला मेंदूच्या दुखण्यानंतर वस्तूंची नावं आठवत नसत, पण नाम पुल्लिंगी की स्त्रीलिंगी हे तो अचूक सांगे. म्हणजे शब्द मेंदूत एका गाठोड्यात ठेवलेला नसतो. अर्थ एका खणात, व्याकरण दुसऱ्यात, उच्चार तिसऱ्यात. इंग्रजीत ही खूण मिळाली नसती. आमच्या शाळकरी डोक्याला छळणाऱ्या तीन लिंगांचा इतका उपयोग मी तरी आधी पाहिला नव्हता.

अडचण मामांपेक्षा आमचीच जास्त. बाईंनी सांगितलंय, शब्द अडला की मनात दहा आकडे मोजा, तोंड उघडू नका. पुण्यात हे! रिक्षावाल्यापासून वाणसामानवाल्यापर्यंत ज्या गावात प्रत्येकाला दुसऱ्याचं वाक्य पुरं करून, वर सुधारूनही द्यायचं असतं. मामी तर ‘अहो, पोहे म्हणायचंय ना तुम्हाला?’ असं त्यांनी श्वास घेण्याआधी विचारते. तिला हे कुणी शिकवलं, ते उघडच आहे. गेल्या महिन्यात तिने लागोपाठ चार शब्द पुरवले. मामांचा चेहरा लाल झाला आणि पाच महिन्यांतलं पहिलं सलग, स्वच्छ वाक्य बाहेर पडलं: ‘गप बस की गं!’ तिने पुन्हा साखर वाटली.

आज सहा वाजताच पोचलो. गॅलरीत दोघं बसलो होतो, उजाडायला नुकती सुरुवात. पर्वतीची टेकडी अजून काळपटच. मामांनी खाली बघितलं आणि म्हणाले, ‘सकाळ...’

पेपरच हवा असणार. चाळीस वर्षं ते पहिल्या पानावरच्या चुका मोजत आलेत. मी उठलो, दाराकडे निघालो. मोजायला हवे होते ते दहा आकडे तीनवरच सोडून दिले होते.

‘...आली,’ मागून आवाज आला.

पेपर ‘आला’ असता. मी परत येऊन बसलो.