गाणे आणि चालणे

अमेरिकेत जानेवारीचा तिसरा सोमवार हा मार्टिन ल्यूथर किंग यांच्या स्मरणाच्या सुटीचा दिवस. १९८६ पासून ती पाळतात. त्या सुमारास ठिकठिकाणी चर्चमधून नि सभागृहांतून गायनाचे कार्यक्रम होतात. काळे-गोरे एका रांगेत उभे राहून एका सुरात गातात, ऐकणारे डोळे पुसतात आणि घरी जातात. असा एक कार्यक्रम ऐकून आलेल्या सज्जनांनी आम्हांला विचारले, ‘‘गेलेल्या माणसाला हार घालायला काय लागते हो? ह्याने साधले काय?’’

प्रश्न झोंबणारा खरा. पण गाण्याला इतके हलके समजू नये. माँटगोमेरी गावी बसमध्ये काळ्यांना मागे बसवीत, गोरा आला की उठवीत. तेव्हा डिसेंबर १९५५ पासून ३८१ दिवस तिथली काळी माणसे बसमध्ये चढली नाहीत. किती तरी जण कामावर पायीच गेले. रात्री चर्चमध्ये जमावे, गावे, नि सकाळी पुन्हा वाट धरावी. १९६३ साली बर्मिंगहॅमला तर शाळकरी पोरे गात गात रस्त्यावर आली. त्यांच्यावर कुत्री सोडली, पाण्याचे फवारे मारले. पायांत गोळे आले की टाळ काय करतो, हे वारकऱ्याला आम्ही काय सांगावे!

आता मेम्फिसची गोष्ट ऐका. १ फेब्रुवारी १९६८. पाऊस लागला म्हणून दोन सफाई कामगार कचऱ्याच्या गाडीत शिरले आणि तिच्या यंत्रात चिरडून मेले. पुढे सुमारे तेराशे कामगारांनी संप केला. हातातल्या फलकांवर एवढेच, की मी माणूस आहे. किंग त्यांच्यासाठी तिथे गेले. ४ एप्रिलच्या संध्याकाळी सज्ज्यात उभे राहून त्यांनी खालच्या एका वादकाला आपले आवडते प्रार्थनागीत रात्रीच्या सभेत वाजवायला सांगितले. लगेच गोळी लागली. त्यांच्या अंत्यविधीत महालिया जॅक्सन यांनी तेच गीत गायिले. १६ एप्रिलला संप मिटला. कामगारांच्या संघटनेला मान्यता मिळाली, पगार वाढला.

म्हणजे ते गाणे मागितले होते कचरा उचलणाऱ्यांच्या सभेसाठी. आज ते उंची सभागृहात ऐकताना ही सभा कुणाला आठवते?

पण दुसऱ्याला काय म्हणावे! पंढरीत महाद्वारापाशी चोखोबांच्या समाधीला हात लावून आपण आत जातो. चोखोबांना मात्र आत जाता आले नाही. त्यांचे अभंग आपण सहाशे वर्षे गाइले, नि त्यांच्या माणसांना दार उघडले ते १९४७ साली, साने गुरुजी उपोषणाला बसले तेव्हा. इतकी वर्षे आपल्या गाण्यात काय कमी होते, ह्याचे उत्तर आम्हांला अजून नीट देता येत नाही.

त्या सज्जनांना आम्ही एवढेच कळविले आहे, की पुढल्या वेळी कार्यक्रम संपल्यावर थोडे मागे थांबा. सभागृह झाडायला कोण येते, त्याला मजुरी काय मिळते, ते विचारून या.